माईक लागला की निघणारे कर्नल

आमच्या तालुक्याच्या गावात कर्नल एकच होते, त्यामुळे त्यांचं नाव घ्यायची वेळ कुणावर आली नाही. लातूर रस्त्याला त्यांचं दुमजली घर. वरच्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको, सगळ्यांच्या वहिनी, राहायचे, खाली तीन गाळे. एका गाळ्यात पिठाची गिरणी, एकात झेरॉक्स, आणि मधल्यात माझं मंडप डेकोरेशन. लग्न, बारसं, सभा, मयत, काहीही असो, सतरंज्या, खुर्च्या, ताडपत्री आणि माईक आमच्याकडून जातो. टेम्पो माझे मिस्टर चालवतात, बाकी सगळं मी बघते.

आता मी त्या गाळ्यात नाही. बसस्टँडच्या मागं स्वतःचं गोदाम बांधलंय. पण कर्नलांचा विषय निघाला की मी लोकांना जे सांगते ते नवीन पोरांना खरं वाटत नाही. त्यांनी पाहिलेले कर्नल वेगळे. मी पाहिलेले आधी सांगते.

गाळा घेतला त्याच दिवशी ते खाली आले. करारावर सही केली, भाड्याबद्दल अवाक्षर नाही, आणि थेट माझ्या शिडीकडं गेले. "ही शिडी आडवी काहून ठेवली? आग लागली तर आधी शिडीच अडवील." मी शिडी उभी केली. दुसऱ्या दिवशी तिन्ही गाळ्यांबाहेर वाळू भरलेल्या लाल बादल्या टांगलेल्या होत्या. गिरणीवाला तंबाखू खायचा. त्यानं आठवडाभर त्या बादलीत पिंका टाकल्या. एका सकाळी कर्नल खाली आले, बादली काढली, वाळू ओतली, नळावर बसून बादली घासली, नवी वाळू भरली आणि टांगून वर निघून गेले. गिरणीवाल्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो दिवसभर दळण चुकवत होता. परत कधी त्या बादलीत थुंकला नाही.

त्यांची सगळी रीत ही अशी होती. बोलून कुणाला सरळ करायचं नाही. समोरच्याला लाज वाटेपर्यंत स्वतः करत राहायचं.

माझ्या सामानाची मोजदाद आणि मांडणी त्यांना आवडायची. किती सतरंज्या बाहेर, किती घरात, कोणत्या गादीची खोळ धुवायला गेलीय, हे मला विचारलं की मी तोंडपाठ सांगायची. तेव्हापासून ते मला 'क्वार्टरमास्टर' म्हणायला लागले. फौजेत सामानसुमान सांभाळणाऱ्याला तसं म्हणतात. गावातली इतर माणसं मला ताई म्हणतात.

मूळ शिरूर अनंतपाळकडच्या शेतकऱ्याचं घर त्यांचं. सगळी नोकरी बाहेर झाल्यामुळं बोलण्यात फौजेतली हिंदी आणि गावचं मराठी मिसळलेलं. पण जे काही बोलायचे ते थोडं. आणि मागणं हा प्रकार त्यांना येतच नव्हता. भाजीवाल्यानं भाव जास्त सांगितला तर घासाघीस नाही, सरळ पुढं. लग्नाच्या पंगतीत जिलेबी संपली तर रिकाम्या पानाकडं बघत बसतील, पण वाढप्याला हाक मारणार नाहीत. मग बायकांच्या पंगतीतून वहिनी ओरडायच्या, "आरं, साहेबाला वाढा की! मेले तरी तोंड उघडायचे न्हाईत ते!"

गावानं त्यांना मानलं ते मात्र मयतामुळं.

आमच्याकडं तिसऱ्या दिवशी राख सावडायला माणसं जमतात. दूध-पाणी शिंपडून राख भरायची, अस्थी वेचायच्या, हात जोडायचे, घरी जायचं. एवढाच विधी. पण गेल्या काही वर्षांत तिथं भाषणं सुरू झाली. आधी गावातला एखादा जाणता माणूस दोन शब्द बोलायचा. मग सोसायटीचे चेअरमन बोलायला लागले, मग पक्षांचे लोक. मग मागच्यांना ऐकू येत नाही म्हणून माईक आला. तो माईक मीच भाड्यानं देते, तेव्हा याविरुद्ध बोलायचा मला फारसा हक्क नाही, तरी बोलते. माईकमुळं मला पुढं मशीनजवळ बसावं लागतं, नाहीतर बायका सहसा मागं थांबतात. त्यामुळं मी एवढी श्रद्धांजलीची भाषणं ऐकलीत की 'कधीही भरून न येणारी पोकळी' हे शब्द कुणी उच्चारले की माझा हात आपोआप आवाजाच्या बटणावर जातो. तिथून पुढं वक्ता मोठ्यानं बोलणार असतो.

कर्नल प्रत्येक मयताला जायचे. ओळखीचा असो, नसो. मराठा गल्ली, मुसलमान मोहल्ला, बौद्धवाडा, काही फरक नाही. पांढरा शर्ट, चकचकीत काळे बूट. स्मशानाच्या फाटकाशी बूट काढून ठेवायचे आणि कडेला सावधान उभे राहायचे. ऊन असो, काही असो. राख सावडून होईपर्यंत हलायचे नाहीत. आणि माईकवर "हॅलो, हॅलो, चेक" सुरू झालं की मागं वळून फाटकाकडं चालायला लागायचे. रागानं नाही. काम संपल्यावर माणूस निघतो तसे.

मी एकदा म्हटलं, "साहेब, पाच मिनिटं थांबत जा. बोलणाऱ्यांना वाईट वाटतंय."

ते गाळ्याच्या पायरीवर बसून बुटाला पॉलिश करत होते. ते काम त्यांनी कधी दुसऱ्याला दिलं नाही. ब्रश थांबवून म्हणाले, "बाई, मी पोरं पोचवलेत त्यांच्या घरी. पेटीत. त्यांच्या बापाला काय बोलावं, ते मला एकदाबी सापडलं न्हाई. ह्यांना रोज कसं काय सापडतंय?"

आणि ते परत ब्रश मारायला लागले.

गावचे नगराध्यक्ष तेव्हा भाऊ होते. सगळे त्यांना भाऊच म्हणतात, त्यांच्या घरातले वडीलधारेसुद्धा. मयताला भाऊंचं भाषण हमखास. एकदा माळगल्लीतली एक म्हातारी गेली. सगळ्या गल्लीची बाळंतपणं तिनं केलेली. राख सावडून झाली, माईक लागला, कर्नल वळून निघाले. भाऊंनी म्हातारीपासून सुरुवात केली आणि स्मशानातल्या फरशीवर आले, फरशीवरून निधीवर आले, निधी आणायला मुंबईला किती खेटे घातले त्यावर आले. म्हातारी मागंच राहिली. तिचा धाकटा मुलगा डोक्याचे केस काढलेला, ओला पंचा अंगावर, तसाच पुढं आला.

"भाऊ, बस झालं."

"दोन मिनिटं, बाळा."

"न्हाई. ते बगा, कर्नलसाहेब गेले. ज्यांनी आमच्या आईसाठी उभं राहायचं ते राहून गेले." आणि त्यानं माझ्यासमोर वाकून माईकची वायर मशीनमधून उपसली.

कुणी हसलं नाही. भाऊ निमूट खाली बसले.

त्यानंतर माझ्याकडं मयताची ऑर्डर आली की घरचे आपणहून सांगायला लागले, "ताई, सतरंज्या द्या, पाण्याचे जार द्या, माईक नको. कर्नलसाहेब येतेत." आधी एका घरानं सांगितलं, मग दुसऱ्यानं. कुणी ठराव केला नाही, बैठक घेतली नाही. माझा माईक कपाटात धूळ खात पडला. धंद्याला फटका बसला आणि तो मला जाणवलाही. पण गावात कित्येक वर्षांनी एक गोष्ट बरी होत होती आणि ती एका माणसाच्या गप्प उभं राहण्यानं होत होती, हेही दिसत होतं.

मग नगरपरिषदेची निवडणूक लागली. अध्यक्षपद थेट लोकांमधून निवडायचं होतं.

आमच्याकडं एक निवृत्त हेडमास्तर आहेत, गुरुजी. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. माणूस स्वच्छ; फक्त व्यासपीठ दिसलं की चपला काढायच्या आत सूत्रसंचालन सुरू. ते पंचवीस-तीस माणसं घेऊन कर्नलांच्या घरी आले. वर खुर्च्या कमी पडल्या म्हणून मला बोलावणं आलं. खुर्च्या लावल्या आणि मीही दाराशी थांबले.

"साहेब, देशाची सेवा केलीत. आता गावाची करा," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, मी पगार घेत होतो."

"हाच, हाच साधेपणा आम्हाला पाहिजे! नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतंय. टँकरवर बाया एकमेकींच्या झिंज्या धरतेत. तुम्ही एक दिवस जाऊन उभे राहिलात तर घागरींची रांग सरळ झाली. नगरपरिषदेत उभे राहिलात तर काय होईल?"

"घागरी सरळ झाल्या. पानी वाढलं न्हाई," कर्नल म्हणाले.

"ते आपण वाढवू. मला सांगा, गावात तुमच्याविरुद्ध बोलणारा एक तरी माणूस दाखवा."

आतून वहिनींचा आवाज आला, "आज न्हाई. उद्या फॉर्म भरा, मंग बगा किती निघतेत."

सगळे हसले. कर्नलही हसले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "क्वार्टरमास्टर, तुमची राय?"

मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं, पण विचारलं म्हणून सांगितलं. "साहेब, आज तुम्ही कुणाच्या मयताला गेलात तर लोक म्हणतात, कर्नल आले. उमेदवार झाल्यावर म्हणतील, मतासाठी आले. एकदा तसं म्हटलं गेलं की पुसता येत नाही."

गुरुजी चिडले. "म्हणजे चांगल्या माणसांनी आपली पांढरी चादर सांभाळत घरात बसायचं आणि गाव भाऊच्या ताब्यात द्यायचं, असंच ना ताई?"

गुरुजींचं म्हणणं खोटं नव्हतं. हे मी आजही मान्य करते. भाऊंच्या काळात पाण्याचं काय झालं होतं ते आम्ही सगळे पीत होतो. ज्याला विकत घेता येत नाही असा माणूस गावात एकच, आणि त्यानं उभं राहू नये असं म्हणायला मलाही जड गेलं.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. "गुरुजी, माझं एक ऐका. ह्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला काय मागितलं न्हाई. मला लग्नाला होकारसुद्धा मागितला न्हाई, सासऱ्यानं मागितला. मतं मागायची असतेत. ज्याला मागायची सवय न्हाई त्यानं एकदा मागायला सुरुवात केली की थांबायचं कुठं, ते त्याला कळत नसतंय."

"हुकूम कुणाचा आहे?" कर्नलांनी गुरुजींना विचारलं. वहिनींचं बोलणं त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

"गावाचा," गुरुजी म्हणाले.

दोन दिवस ते पायरीवर बुटाला पॉलिश करत बसले. तिसऱ्या दिवशी गुरुजींना निरोप गेला: ठीक है.

अपक्ष फॉर्म. चिन्ह मिळालं कपबशी. ज्यांनी आयुष्यभर स्टीलच्या ग्लासातून चहा घेतला त्यांचं चिन्ह कपबशी, यावर गिरणीवाला महिनाभर हसत होता.

प्रचाराचे पहिले दिवस बघण्यासारखे होते. दार वाजवायचं, दोन पावलं मागं सरायचं, दार उघडलं की म्हणायचं, "मी उमेदवार आहे. विचार करा." आणि पुढच्या दाराकडं. एका म्हातारीनं त्यांना गल्लीच्या टोकावरून हाक मारून परत बोलावलं. "आरं बाबा, मत मागितलंच न्हाईस की! मी देऊ कसं?" सगळी गल्ली हसली. गुरुजी मात्र घाबरले. "साहेब, हात जोडा. नुसतं सांगू नका, मागा."

दुसऱ्या आठवड्यात हात जोडले जाऊ लागले. वहिनी खाली येऊन मला म्हणाल्या, "आरशापुढं उभे राहून हात जोडून बगालेत. किती वर धरावेत म्हणून." आम्ही दोघी खूप हसलो. नंतर ते म्हाताऱ्यांच्या पायाला वाकायला लागले, तेव्हा वहिनी हसल्या नाहीत.

मला खटकलं ते दुसरंच. रोज संध्याकाळी ते गाळ्यात यायला लागले. माझं सामान गावभर जायचं, म्हणून मला गावभरचं कळायचं. "क्वार्टरमास्टर, खालच्या गल्लीत काय बोलतेत? भाऊच्या सभेला किती खुर्च्या गेल्या? भरल्या का?" आपल्याविषयी लोक काय बोलतात, हे त्यांनी आधी कधी विचारलं नव्हतं. आता उत्तर ऐकताना त्यांचे डोळे माझ्या तोंडावरून हलायचे नाहीत. हुकूम म्हणून घेतलेल्या गोष्टीची त्यांना हाव सुटली होती. भाऊंचे लोक पसरवत होते की हा माणूस ताठ आहे, गोरगरिबाशी दोन शब्द बोलत नाही. ते त्यांना फार लागलं होतं.

अशात नाईक गेले.

नाईक हे आमच्याच गावचे. कर्नलांच्याच पलटणीत त्यांच्या हाताखाली होते. निवृत्त झाल्यावर एका बँकेच्या दारात पहारेकरी. दर रविवारी सकाळी ते माझ्या गाळ्याच्या पायरीवर यायचे, कर्नल वरून उतरायचे, वहिनी चहा पाठवायच्या. दोघं शेजारी बसून चहा प्यायचे. तासभर. बोलायचे काही नाहीत. चहा संपला की नाईक उठून कडक सलाम ठोकायचे आणि सायकलवर निघायचे. मी हिशेबाची मांडणी करत असायची आणि मनात यायचं, इतकं गप्प बसायला दोन माणसांना किती वर्षं लागली असतील.

मतदानाला थोडे दिवस राहिले असताना त्यांचं हृदय बंद पडलं. माती झाली, कर्नलांनी खांदा दिला. संध्याकाळी नाईकांचा मुलगा माझ्याकडं आला. "ताई, तिसऱ्याला सतरंज्या पाठवा. माईक नको. बाबा सांगायचे, मी गेलो की साहेब येऊन उभे राहतील, तेवढं बस."

आणि सावडायच्या आदल्या दिवशी गुरुजींचा माणूस आला, माईक सांगायला. मी म्हटलं, घरच्यांनी नको सांगितलंय. तो म्हणाला, साहेबांनीच सांगितलंय. मी तशीच वर गेले.

कर्नल ब्रश घेऊन बसले होते.

"साहेब, नाईकांच्या घरच्यांना माईक नको आहे."

"मालूम आहे."

"मग?"

"दोन शब्द बोलावे लागतील. त्याच्याविषयीच बोलणार. खोटं एकबी बोलणार न्हाई."

"तुम्हाला सापडत नाही म्हणाला होतात."

"आता सापडायला पाहिजे, क्वार्टरमास्टर. लोक म्हणतेत कर्नलला जबान न्हाई. दिवस कमी राहिलेत."

वहिनी दारात होत्या. "त्याला काय वाटलं असतं?"

"तो?" कर्नल बुटाकडंच बघत म्हणाले. "तो म्हणाला असता, साहेब, हुकूम करा."

"म्हणाला असता," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर त्याच्यावर करायचा नसतो."

कर्नलांनी दुसरा बूट घेतला. ऑर्डर कायम राहिली आणि ऑर्डरप्रमाणं माईक गेला.

सकाळी स्मशानात नाईकांच्या मुलानं माईक बघितला आणि सरळ माझ्याकडं आला. "ताई, आमी नको म्हणलो होतो की." मी काही बोलायच्या आत त्याचं लक्ष गुरुजींकडं आणि गुरुजींशेजारच्या कर्नलांकडं गेलं. त्याला कळलं. "साहेबाची मर्जी आसंल तर काय," असं पुटपुटून तो राखेकडं गेला.

राख सावडून झाली. गुरुजींनी माईकवर कर्नलांचं नाव पुकारलं. साऱ्या माना फाटकाकडं वळल्या, कारण या वेळेला ते तिकडं चालत असायचे. ते माईककडं आले.

आणि बोलले. फार चांगलं बोलले. बर्फातली चौकी, रसद अडकलेली, नाईकांनी आपल्या वाट्याची अर्धी भाकरी ताप आलेल्या पोराला दिली आणि स्वतः जेवलो म्हणून खोटं सांगितलं. मतांचा, कपबशीचा, पाण्याचा एक शब्द नाही. माणसं रडली. गिरणीवाला रडला. माझेही डोळे भरले, हे लपवण्यात अर्थ नाही. इतकी वर्षं या माणसाला बोलता येत होतं आणि तो बोलत नव्हता.

ते संपले तोच भाऊ उठले. त्यांनी अगदी शांतपणे माईक हातात घेतला.

"कर्नलसाहेबांचे मी आभार मानतो," भाऊ म्हणाले. "गेली दोन-तीन वर्षं आम्हाला वाटत होतं, मयताला बोलणं साहेबांना पटत नाही. आम्ही अडाणी माणसं, चुकत असू, म्हणून गप्प राहिलो. आज साहेबांनीच दाखवून दिलं की बोलायला हरकत नाही. तेव्हा मीही दोन शब्द बोलतो."

आणि बोलत राहिले. त्यांच्यानंतर आणखी कोण, आणखी कोण. कर्नलांना आता निघता येईना. निघाले असते तर स्वतः बोलून दुसऱ्याचं ऐकायला थांबले नाहीत, असं झालं असतं. ते थोडा वेळ उभे राहिले, मग माझ्याच एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. स्मशानात बसलेले कर्नल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

सामान गोळा करताना नाईकांचा मुलगा सतरंजीची घडी घालायला लागला. म्हणाला, "साहेब लई चांगलं बोलले, ताई. पण बाबाला ते ऐकायचं नव्हतं."

कर्नल निवडून आले. चांगल्या फरकानं आले. गुलाल एवढा उडाला की माझ्या पांढऱ्या झालरी पुढच्या लग्नसराईपर्यंत गुलाबी राहिल्या.

त्यांनी काम केलं नाही असं मी म्हणणार नाही. नगरपरिषदेचे कारकून वेळेवर यायला लागले. नाल्या उपसल्या. बाजारातली घाण कमी झाली. पाणी मात्र आठ-दहा दिवसांनीच येत राहिलं, कारण पाइपलाइनची फाइल वर अडकलेली आणि ती सोडवायला जे करावं लागतं ते त्यांना येत नव्हतं. मग पाणी का येत नाही हे सांगायला बोलावं लागायचं, आणि बोलायला माणसं जमलेली जागा लागायची. सगळ्यात जास्त माणसं जमतात ती मयताला.

वर्षभरात श्रद्धांजलीचं त्यांच्याइतकं चांगलं भाषण करणारा तालुक्यात कुणी राहिला नाही. मेलेल्या माणसाची माहिती आदल्या दिवशी काढून घ्यायचे. एखादी आठवण, एखादा प्रसंग, आवाज कुठं जड करायचा, कुठं थांबायचं. लोक पार नांदेडकडच्या उमरीपर्यंत कौतुक सांगायचे. घरचे मला फोन करून विचारायला लागले, "ताई, साहेबांची वेळ काय मिळंल?" आणि त्यांच्या वेळेवर राख सावडायची ठरायची. एकदा त्यांची मीटिंग लांबली म्हणून एका घरची माणसं दुपारचं ऊन चढेपर्यंत स्मशानात थांबली. ती सगळी आनंदानं थांबली. मी दुसरं मशीन विकत घेतलं. आता माईक नको म्हणणारं घर मला महिनोन् महिने भेटत नाही.

मुसलमान मोहल्ल्यात तेवढं भाषण व्हायचं नाही, कारण तिथं पद्धतच नाही. तिथं कर्नल कमी जायला लागले.

वहिनी दुपारी खाली येऊन माझ्याजवळ बसायच्या. एकदा म्हणाल्या, "पयलं ह्यांच्या गप्प बसण्याचा लई राग यायचा मला. भिंतीशी संसार केल्यावानी वाटायचं. आता घरातबी माईकवर बोलल्यासारखे बोलालेत. जेवताना म्हणले, आजच्या या भाजीविषयी सांगायचं झालं तर." त्या हसत होत्या, पण डोळ्यांना पदर लावलेला होता. "माझ्या मेलीचं एक ठीक हाय, मला ऐकायला कमी येतंय."

याच सुमाराला माझं गोदाम बांधून झालं आणि मी गाळा सोडला. वहिनी खाली उतरून टेम्पोपर्यंत आल्या. कर्नल दौऱ्यावर होते.

वहिनी पुढच्या थंडीत गेल्या. लातूरच्या दवाखान्यात आठवडाभर होत्या. माती गावात झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नलांचा फोन आला. मला वाटलं, सतरंज्यांचं सांगायला असेल.

"क्वार्टरमास्टर, उद्या माईक लागेल. दोन लावा. एक बोलायला, एक राखीव. जिल्ह्याचे मोठे नेते येणार आहेत."

मी म्हटलं, "साहेब, वहिनींसाठी एक दिवस माईक बंद ठेवूया का?"

ते म्हणाले, "लोक येणार, बाई. लांबून येणार. त्यांना परत कसं पाठवायचं?" मग म्हणाले, "भोंगे चार लावा. मागच्या वेळेला फाटकापाशी ऐकू आलं नव्हतं."

मी चार लावले.

सकाळी गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. त्यांचा मुलगा हैदराबादहून आलेला, दुधाचा तांब्या हातात घेऊन चितेच्या जागेपाशी उभा होता. गुरुजी त्याच्या कानाशी लागले. "नेत्यांना नांदेडला पुढचा कार्यक्रम आहे. आपण भाषणं आधी घेऊ." मुलानं वडिलांकडं बघितलं. कर्नलांनी मान हलवली.

मग सगळे बोलले. नेते बोलले, आणि त्यांच्या भाषणात वहिनींचं नाव दोनदा चुकलं. भाऊ बोलले, वहिनींच्या हातचा चहा किती वेळा घेतला ते. भाऊ त्या घराची पायरी कधी चढलेले मला आठवत नाही. गुरुजींनी, नवरा समोर बसलेला असताना वीरपत्नी म्हणता येत नाही म्हणून वीरमाता म्हटलं, मग तेही बरोबर नाही हे लक्षात येऊन आदर्श भगिनी म्हटलं. उन्हाचा चटका लागायला लागला. मुलगा तांब्या या हातातून त्या हातात घेत होता.

शेवटी कर्नल उठले. मला वाटलं, आता तरी ते नुसते उभे राहतील. जमलेल्यांतल्या काही जुन्या माणसांनाही तसं वाटलं असावं, कारण एकदम सगळे चिडीचूप झाले.

त्यांनी माईक आपल्या उंचीला नीट केला, आणि आभार मानायला सुरुवात केली. वेळात वेळ काढून आलेल्या मान्यवरांचे. पत्रकार बंधूंचे. नगरपरिषदेच्या कर्मचाऱ्यांचे. सूत्रसंचालन केल्याबद्दल गुरुजींचे. "आणि शेवटी," ते म्हणाले, "ध्वनिक्षेपकाची चोख व्यवस्था ठेवल्याबद्दल आमच्या क्वार्टरमास्टर बाईंचे."

माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. मी हात जोडले. तशी पद्धत आहे. नेत्यांच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. राख सावडायची अजून बाकी होती.